गळती मोजायची कोणी?

धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक घाणीला बाजारात किंमत नसते. मिथेनचे तसे नाही. मुंबई-पुण्यात पाइपने स्वयंपाकघरात येणारा आणि रिक्षाच्या टाकीत सीएनजी म्हणून भरला जाणारा वायू म्हणजे मुख्यतः मिथेनच. तरीही आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने जगभरातला तेल, वायू आणि कोळसा उद्योग दरवर्षी सुमारे १२ कोटी टन मिथेन हवेत सोडतो. त्यातला काही सांध्यांतून नकळत निसटतो, तर बराचसा ठरवून, रोजच्या कामाचा भाग म्हणून सोडला जातो. विकला तर पैसे देणारा माल उद्योग असा उधळतो कसा आणि त्याला ते कोण करू देते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हवामानाच्या दृष्टीने मिथेन हा जहाल पण अल्पायुषी वायू आहे. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शतकानुशतके टिकतो. मिथेन मात्र साधारण बारा वर्षांत वातावरणातून नाहीसा होतो. पण तेवढ्या काळात तो जी उष्णता धरून ठेवतो ती प्रचंड असते. वीस वर्षांच्या मुदतीत मोजले तर एक टन मिथेन एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापमानवाढ घडवतो. औद्योगिक युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या अब्ज भागांत मिथेनचे सातशेच्या थोडे वर भाग होते. आज ते १,९०० च्या पुढे गेले आहेत. आजवरच्या तापमानवाढीपैकी सुमारे तीस टक्के वाटा याच वायूचा मानला जातो. या आकड्यांची दुसरी बाजू आशा देणारी आहे. आज गळती थांबवली तर तिचा परिणाम आज शाळेत जाणारी मुले चाळिशीला पोचण्याच्या आत दिसेल, आणि हवामानाच्या इतर फार थोड्या उपायांबद्दल असे म्हणता येते.

माणसामुळे होणाऱ्या मिथेन उत्सर्जनात शेतीचा वाटा सर्वांत मोठा: गुरांचे रवंथ आणि पाण्याखालची भातखाचरे. कचराभूमीही आहेतच. पण गाईच्या पोटात किंवा धानाच्या बांधीत फेरफार करणे अवघड आहे आणि त्यात कोट्यवधी गरीब शेतकऱ्यांचे पोट गुंतलेले आहे. ऊर्जा उद्योगात गळणारी वस्तू म्हणजे एखादी झडप, टाकीचे झाकण, कॉम्प्रेसरचे झिजलेले पॅकिंग. तिचा मालक एक कंपनी असते आणि ती दुरुस्त करण्याची कला शंभर वर्षे जुनी आहे. म्हणूनच ऊर्जा संस्था सांगते की जीवाश्म इंधनांतून होणारे सुमारे सत्तर टक्के मिथेन उत्सर्जन आज हाती असलेल्या तंत्रांनीच टाळता येईल, आणि त्याचा बराच भाग वाचलेला वायू विकून स्वतःचा खर्च स्वतःच भरून काढेल.

मग अडते कुठे? त्यासाठी वायूच्या एखाद्या विहिरीजवळ जावे लागते.

अशा विहिरी बहुधा आडवाटेला असतात आणि तिथे वीज पोचलेली नसते. टाकीतली पातळी वाढली की झडप उघडायची, दाब चढला की बंद करायची, ही कामे मात्र सतत चालू राहायला हवीत. त्यासाठी विहिरीतून येणाऱ्या वायूचाच दाब वापरला जातो. एका लहानशा नियंत्रकात वायू शिरतो, पडदा ढकलतो, झडप हलते आणि वापरलेला वायू फुस्स करून हवेत जातो. काही जुने नियंत्रक तर झडप हलो वा न हलो, दिवसरात्र थोडाथोडा वायू सोडतच राहतात. यंत्र बिघडलेले नसते. त्याची रचनाच तशी असते. एका नियंत्रकातून जाणारा वायू नगण्य वाटतो, पण अमेरिकेत असे नियंत्रक लाखोंनी आहेत. सौर पॅनेलवर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर किंवा विजेवरची झडप बसवली की हा वायू वाचतो. तरी कंपनीचा व्यवस्थापक तो बदल करत नाही, कारण त्याच भांडवलात नवी विहीर खोदली तर परतावा जास्त मिळतो. म्हणजे फायदा होतो, पण पुरेसा होत नाही. बाजारावर सोपवून हे काम होत नाही त्याचे कारण हे आहे, आणि धोरणाची गरज इथेच सुरू होते.

धोरण म्हटले की आकडे लागतात, आणि मिथेनच्या बाबतीत सर्वांत मोठा घोळ आकड्यांचाच आहे. बहुतेक देशांत गळती प्रत्यक्ष मोजली जातच नाही. अमुक प्रकारच्या यंत्राला तमुक सरासरी, गुणिले यंत्रांची संख्या, असा कागदावरचा हिशेब सरकारला दिला जातो. ही सरासरी चांगल्या स्थितीतल्या यंत्रांची असते. प्रत्यक्षात उत्सर्जनाचा मोठा हिस्सा मूठभर बिघडलेल्या जागांतून येतो: उघडे राहिलेले झाकण, विझलेली ज्योत, अडकलेली झडप. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने अमेरिकेतल्या तेल-वायू क्षेत्रांवर जमिनीवरून आणि विमानांतून मोजमाप केले. गळती एकूण वायू-उत्पादनाच्या सुमारे २.३ टक्के निघाली, सरकारी अंदाजापेक्षा साठ टक्क्यांनी जास्त. तेलाबरोबर येणारा नको असलेला वायू जाळून टाकण्यासाठी उंच नळ्यांवर ज्योती पेटत्या ठेवतात. त्यांत ९८ टक्के मिथेन जळतो असे सर्वत्र गृहीत धरले जाई. २०२२ मध्ये अमेरिकी खोऱ्यांवर विमाने उडवून मोजल्यावर, विझलेल्या ज्योती धरून, तो आकडा ९१ च्या आसपास आला. न जळलेला मिथेन दोन टक्क्यांवरून नऊवर गेला, म्हणजे चौपटीहून अधिक झाला. कागद बिनचूक होते, वास्तव वेगळे होते.

मिथेनला रंग नाही, वासही नाही. घरच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन वर्गातल्या रसायनाचा असतो. याच वासाने २३ ऑक्टोबर २०१५ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यनमधली गळती लक्षात आली. जुन्या तेलक्षेत्राच्या पोकळ खडकात तिथे वायूचा साठा केला जातो. एसएस-२५ ही १९५३ मध्ये खोदलेली विहीर फुटली. खाली पोर्टर रँच वस्तीत डोकेदुखी, नाकातून रक्त, मळमळ अशा तक्रारी सुरू झाल्या आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. विहीर बंद होईपर्यंत फेब्रुवारी २०१६ उजाडला. तोवर सुमारे एक लाख टन मिथेन निघून गेला होता.

चौकशीत जे बाहेर आले ते या पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विहिरीचे पोलादी अस्तर भूजलाच्या संपर्काने बाहेरून गंजले होते. वायू आतल्या नळीतून आणि बाहेरच्या अस्तरातून अशा दोन्ही वाटांनी खेळवला जात होता, त्यामुळे वायू आणि जमीन यांच्यात पोलादाचा एकच थर उरला होता. त्या साठवणक्षेत्रात पूर्वी साठहून अधिक वेळा अस्तरे गळली होती, पण ती का गळली याचा मुळापासून शोध कधी घेतला गेला नव्हता. अशा साठ्यांसाठी केंद्रीय नियमच तेव्हा अमेरिकेत नव्हते. कॅलिफोर्नियाने नंतर नियम केला की वायू फक्त आतल्या नळीतून न्यायचा आणि अस्तर दुसरा अडसर म्हणून राखायचे. इतका साधा आणि इतका उशिरा आलेला नियम.

नियम वेळेवर आला तर काय होते हे नॉर्वेत दिसते. उत्तर समुद्रात एकोफिस्क हे तेलक्षेत्र १९६९ मध्ये सापडले. १९७१ मध्ये, उत्पादन सुरू होत असतानाच, नॉर्वेच्या संसदेने तेलधोरणाची दहा सूत्रे मान्य केली. त्यांतले एक असे की वायू वाया घालवून जाळायचा नाही. अपवाद फक्त थोड्या काळच्या चाचण्यांचा. एकोफिस्कचा वायू आधी पुन्हा खडकात दाबला गेला आणि १९७७ पासून समुद्राखालच्या नळाने जर्मनीतल्या एम्डेनला जाऊ लागला. १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उद्योगावर कार्बन कर आला. तेव्हापासून प्रत्येक क्षेत्रावर किती वायू जाळला हे मोजणे कंपनीच्या हिशेबनिसाचेही काम झाले. आज नॉर्वेचा तेल-वायू उद्योग उत्पादनाच्या मानाने जगात सर्वांत कमी मिथेन सोडणाऱ्यांपैकी एक आहे.

नायजेरियाचा कायदाही फार मागून आलेला नाही. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात ओलोइबिरी इथे १९५६ मध्ये तेल लागले. १९७९ च्या कायद्याने ठरवले की १ जानेवारी १९८४ नंतर परवान्याशिवाय वायू जाळता येणार नाही. कागदावर ही बंदी नॉर्वेइतकीच कडक होती. पण मंत्र्यांना परवाने देण्याची मुभा होती आणि दंड इतका किरकोळ की वायू गोळा करण्यापेक्षा दंड भरणे कंपन्यांना कितीतरी स्वस्त पडे. स्थानिक चलन घसरत गेले तसा तो दंड आणखी वितळला. त्या प्रदेशातली गावे दशकानुदशके या ज्योतींच्या उजेडात, काजळीत आणि आवाजात राहिली. २००५ मध्ये बेनिन सिटीच्या उच्च न्यायालयाने असे वायू जाळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. ज्योती तरीही पेटत राहिल्या. २०१८ मध्ये मोठ्या उत्पादकांसाठी दंड हजार घनफुटांना दोन डॉलर झाला, म्हणजे डॉलरशी बांधला गेला. २०२२ मध्ये मिथेनसाठी गळती-तपासणीचे नियम करणारा नायजेरिया आफ्रिकेतला पहिला देश ठरला. तोवर चार दशके गेली होती.

या दोन देशांच्या संपत्तीत, राजकारणात आणि इतिहासात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्यांची तुलना करताना तो विसरणे अन्याय ठरेल. पण नायजेरियात तेल काढणाऱ्या बड्या कंपन्या पाश्चात्त्यच होत्या, आणि त्यांतल्या काही नॉर्वेतही काम करत होत्या. नॉर्वेच्या पाण्यात त्यांना बंदी पाळणे जमले आणि नायजरच्या मुखाशी जमले नाही, ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या अभावाने समजावता येत नाही.

अमेरिकेचा अनुभव आणखी वेगळा. २०१४ मध्ये कोलोरॅडो राज्याने तेल-वायू उद्योगातल्या मिथेनवर देशातले पहिले नियम केले, तेही पर्यावरण संघटना आणि तीन मोठ्या कंपन्या एका टेबलाशी बसून. नियमाचा गाभा असा की अवरक्त कॅमेरा घेऊन माणूस ठरलेल्या दिवशी विहिरीवर गेलाच पाहिजे. साध्या डोळ्याला जिथे स्वच्छ आकाश दिसते तिथे या कॅमेऱ्यात टाकीच्या झाकणातून काळसर लोट उठताना दिसतो. मोठ्या जागांना दरमहा तपासणी, लहानांना त्याहून कमी वेळा. गळती सापडली की ठरावीक दिवसांत दुरुस्ती आणि तिची नोंद. गुंतागुंतीची गणिते नाहीत, गस्त आहे.

देशाच्या पातळीवर मात्र नियम सरकारांबरोबर हेलकावत राहिले. २०१६ मध्ये आले, २०२० मध्ये काढले, २०२१ मध्ये संसदेने परत आणले, डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत आणखी कडक होऊन जाहीर झाले. २०२२ च्या कायद्याने मर्यादेपलीकडच्या मिथेनवर टनामागे ९०० डॉलरपासून चढत १,५०० डॉलरपर्यंत जाणारा आकार लावला. २०२५ मध्ये संसदेने आधी त्याची नियमावली रद्द केली आणि मग तो आकारच २०३४ पर्यंत पुढे ढकलला. ज्यांनी नियम पाळण्यासाठी आधीच पैसे घातले त्या कंपन्यांचे यात नुकसान झाले आणि ज्यांनी वाट पाहिली त्यांचे फावले.

दरम्यान आकाशातून पहारा सुरू झाला. युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचे ट्रोपोमी हे उपकरण २०१७ पासून रोज जवळजवळ सारी पृथ्वी नजरेखालून घालते. तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटातले महाकाय लोट जगाला याच पिढीच्या उपग्रहांनी दाखवले. जून २०२३ मध्ये कझाकस्तानच्या मांगिस्ताऊ प्रांतात एक विहीर भडकली आणि डिसेंबरअखेरपर्यंत वायू ओकत राहिली. सुमारे १ लाख २७ हजार टन मिथेन गेला, हा अंदाज शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या चित्रांवरून मांडला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने अशा लोटांची सूचना थेट सरकारांना आणि कंपन्यांना देणारी यंत्रणा उभारली. पहिल्या दोन वर्षांत बाराशेहून अधिक सूचना गेल्या. कारवाईची दखल घ्यावी असे उत्तर आले ते सुमारे एक टक्का प्रकरणांत. तरी अल्जीरियातल्या हासी मेसाऊद इथली किमान १९९९ पासून चालू असलेली एक मोठी गळती अशाच पाठपुराव्याने २०२४ मध्ये बंद झाली. पंचवीस वर्षांची गळती उपग्रहाने दाखवली, पण पाना हातात घेणारे कोणी त्या देशातच असावे लागले.

युरोपीय संघाचा २०२४ चा नियम इथे नवे पाऊल टाकतो. संघाच्या हद्दीत नियमित तपासणी सक्तीची झाली, वायू सोडण्यावर आणि जाळण्यावर बंधने आली, ओसाड विहिरी आणि खाणींची यादी करणे आले. पण युरोप आपला बहुतेक वायू बाहेरून घेतो, आणि गळती होते ती विकणाऱ्याच्या देशात. म्हणून २०२७ पासून आयातदारांना दाखवावे लागेल की उत्पादकाचे मोजमाप युरोपच्या तोडीचे आहे. कतार आणि अमेरिकेतून याला विरोध होत आहे, आणि अंमलबजावणी किती टिकते हे पुढची काही वर्षे सांगतील. ग्राहकाने मोजमाप मागायचे, ही कल्पना मात्र आता रुजली आहे. जपानची जेरा आणि कोरियाची कोगॅस या बड्या खरेदीदारांनीही २०२३ पासून आपल्या पुरवठादारांना मिथेनबद्दल विचारायला सुरुवात केली आहे.

कोळशाबद्दल धोरणकर्ते कमी बोलतात. कोळशाच्या थरात मिथेन अडकून असतो आणि थर फोडला की मोकळा होतो. चीनने २००८ मध्ये नियम केला की खाणीतून उपसलेल्या वायूत ३० टक्के किंवा अधिक मिथेन असेल तर तो हवेत सोडायचा नाही. त्याहून पातळ वायूला मोकळीक असल्याने तो गोळा करण्याचे, किंवा दाट काढण्याचे, काहीच कारण खाणींना उरले नाही. पुढच्या वर्षांत उपग्रहांना चीनवरचा मिथेन वाढतानाच दिसला. नव्या नियमाने ती मर्यादा आता ८ टक्क्यांवर आणली आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या हेल क्रीक खाणीवर उपग्रहाने पाहिलेला मिथेन कागदावरच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निघाला, आणि ती खुली खाण आहे. खुल्या खाणींतून वायू फारसा निघत नाही, या समजुतीला त्याने तडा गेला.

भारताचा बहुतेक कोळसा खुल्या खाणींतून येतो. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणींचेही तसेच. भूमिगत खाणींबाबत आपला कायदा कडक आहे, पण तो कामगाराच्या जिवासाठी आहे. परतीच्या हवेत मिथेन ०.७५ टक्क्यांवर जाता कामा नये, कुठेही १.२५ टक्के झाला तर माणसे बाहेर काढायची. खाणींची प्रत पहिली, दुसरी, तिसरी अशी वायूच्या प्रमाणावरून ठरते. ओव्हरमन, म्हणजे खाणीतला पर्यवेक्षक, मिथेनोमीटर घेऊन हिंडतो, नोंदवहीत आकडा लिहितो, पंखे वायूला बाहेर ढकलतात. त्या नियमांनी असंख्य जीव वाचवले आहेत आणि त्यांत काडीचीही ढिलाई नको. पण पंख्याच्या तोंडातून बाहेर पडलेला वायू कायद्याच्या नजरेतून तिथेच सुटतो. नोंद आधीच होत असताना तिची वार्षिक बेरीज खाणनिहाय जाहीर करणे हे फार खर्चाचे काम नव्हे.

२०२१ मध्ये ग्लासगोत अमेरिका आणि युरोपीय संघाने पुढाकार घेतलेल्या जागतिक मिथेन संकल्पाने २०३० पर्यंत २०२० च्या तुलनेत ३० टक्के घट हे उद्दिष्ट ठेवले. दीडशेहून अधिक देश त्यात आहेत, भारत नाही. सरकारने संसदेत दिलेले कारण असे की आपला मिथेन मुख्यतः गुरे आणि भातशेतीचा आहे, आणि कार्बन डायऑक्साइडवरून लक्ष हटवून श्रीमंत देश आपली जबाबदारी हलकी करू पाहतात. या युक्तिवादात तथ्य आहे. विदर्भातल्या दोन जनावरांच्या मालकाला टेक्ससच्या तेलकंपनीच्या रांगेत उभे करू नये. मात्र हे कारण शेतीला लागू पडते, ओएनजीसीच्या फलाटाला किंवा कोल इंडियाच्या खाणीला नाही. शेतीची ढाल ऊर्जा उद्योगाने वापरू नये, एवढे तरी संकल्पात न शिरताही ठरवता येईल.

आणि भारताला हे नवे नाही. मुंबई हायमध्ये १९७४ मध्ये तेल सापडले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत नळ आणि कॉम्प्रेसर पुरे पडत नसल्याने बराच वायू समुद्रातच जाळला गेला. उरणचा प्रकल्प, थळचा खत कारखाना आणि उत्तरेकडे जाणारी हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनी उभी राहिली तसा तो वायू कामी येऊ लागला. सार्वजनिक पैशाने आणि ठरवून केलेली ती मिथेन-कपातच होती. तेव्हा तिला त्या नावाने कोणी ओळखत नव्हते एवढेच.

दुसरीकडे, मे २०२० मध्ये आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजानची विहीर फुटली, जूनमध्ये पेटली, आग विझवताना दोन अग्निशामकांचा जीव गेला, आणि ती विझायला नोव्हेंबर उजाडला. मागुरी-मोटापुंग बील या पाणथळीच्या काठचे मासेमार आणि शेतकरी देशोधडीला लागले. त्या पाच-साडेपाच महिन्यांत किती मिथेन गेला याचा हिशेब कोणत्या कायद्याखाली, कोणी, किती दिवसांत द्यायचा, हे तेव्हा कुठेच लिहिलेले नव्हते.

भारत आपल्या गरजेचा जवळजवळ निम्मा वायू बाहेरून, द्रवरूपात आणतो. दाभोळच्या धक्क्यावरही तो उतरतो. कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी वीस वर्षांसाठी वाढवला गेला, आणि नवी मुदत २०२८ मध्ये सुरू होते. अशा करारांत किंमत, मुदत आणि उष्मांकाची प्रत लिहिलेली असते. पुरवठादाराने विहिरीपासून जहाजापर्यंतची मोजलेली गळती कळवावी, हे एक कलमही त्यात लिहिता येते. पुढच्या प्रकरणांत अशी कलमे, तपासणीच्या वेळापत्रकांचे मसुदे, ओसाड विहिरी बुजवण्याचा खर्च कोणाच्या माथी मारायचा याचे वाद आणि भूमिगत खाणींच्या पंख्यांतला पातळ मिथेन जाळून उष्णता मिळवण्याचे प्रयोग तपशिलाने येतात. धनबादजवळच्या मुनिडीह खाणीतल्या प्रात्यक्षिक प्रकल्पापासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.